तीनदा नव्हे, चारदा

या, जरा जवळ सरका. कीर्तनाला बसतो तसे गुडघ्याला गुडघा लावून बसा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. आज अंगडींच्या घरातली ती गोष्ट सांगतो, जी त्या घरात अजूनही कुणी मोठ्यानं सांगत नाही. हिच्यात राक्षस आहे, पण दहा तोंडांचा नाही. एकच तोंड, तेही भिंतीभिंतीवर हात जोडून हसणारं. देवही आहे. तो नेमका कधी आला ते मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही ओळखा.

एळ्ळ अमावास्या होती. गदगचं घर बंद करून सगळे अंगडी सकाळीच ईरप्पाच्या शेतावर आले होते. काळ्या रानात ज्वारी डोक्याएवढी उभी, तिच्या पायाशी हरभरा. शमीच्या झाडाखाली चुना फासलेले पाच दगड मांडून पूजा झाली होती. नीलव्वानं टोपल्या उतरवल्या. तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकरी, भज्जी, शेंगांच्या पोळ्या, कडबू, आंबिलाचं मडकं. त्या दिवशी शेतात जो पाऊल टाकील त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, मग तो वाटसरू असो की वैरी.

नीलव्वाची सून गिरिजा भाकरींवरचं फडकं उगीचच चौथ्यांदा नीट करत होती. गेल्या गुरुवारपासून तिचं हे असंच चाललं होतं.

त्या गुरुवारी 'जागटे'त एक लेख आला होता. देवळात आरतीला वाजते ती काशाची थाळी, तिचं नाव तिच्या सासऱ्यांनी आपल्या साप्ताहिकाला दिलं होतं. विरुपाक्षप्पा अंगडी आधी दुसऱ्याच्या छापखान्यात प्रूफं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून कंटाळले आणि एकतीस वर्षांपूर्वी स्वतःचा अंक काढला. चार मुख्यमंत्री त्यांच्यावर रुसले. एकानं शाल घालायला बोलावलं, तर हे म्हणाले, थंडी नाही. आणीबाणीत पावणेदोन महिने आत जाऊन आले ते खरूज घेऊन. पण 'जागटे'चा खरा जीव शेवटच्या पानावर होता. तिथं एक चौकट असायची, 'तप्पु-ओप्पु'. म्हणजे चूक आणि कबुली.

ही चौकट त्यांनी वडलांकडून उचललेली. वडील शिवकीर्तनकार. शेवटच्या आरतीआधी म्हातारा टाळ खाली ठेवायचा आणि भर सभेत हात जोडायचा, "आज संत अक्कांच्या चरित्रात मी एक ओळ गाळली, तालातही एकदा घसरलो. पदरात घ्या." लोक कीर्तन विसरायचे, पण ते हात विसरायचे नाहीत. विरुपाक्षप्पांनी तेच छापलं. नियम दोनच. ज्याची चूक, त्याची सही, मग तो संपादक असो की खिळे जुळवणारा. आणि सबब लिहायची नाही. त्यामुळे गदगात लोक 'जागटे' मागून पुढे वाचायचे, आणि 'तप्पु-ओप्पु'त आलं म्हणजे त्यावर पुन्हा वाद नसायचा.

लेख होता सोमनगौडा हिरेगौडरांच्या संस्थेतल्या मुलींच्या वसतिगृहाचा. जेवणघराचं फरशांचं छत पडलं आणि खाली दोन मुली गेल्या. आमदार गौडर शोकसभेत डोळे पुसत म्हणाले, "वीज पडली. देवाची इच्छा." ऐकताय ना? मार्गशीर्षातल्या स्वच्छ आभाळातून वीज! छताला तडा गेलेला, त्यावर पाण्याची सिमेंटची टाकी यांनी चढवलेली, आणि नाव कुणाचं? महादेवाचं! ज्याच्यापुढं सकाळी हात जोडायचे त्यालाच संध्याकाळी आरोपी करायचं. 'जागटे'नं लिहिलं की वीज पडली नाही, टाकी पडली. स्वयंपाकीण गुरुसिद्दव्वानं तड्याबद्दल तीनदा सांगितलं होतं.

लेखाखाली नाव नव्हतं. तो गिरिजेनं लिहिला होता. ती त्याच संस्थेच्या कॉलेजात कन्नड शिकवायची. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. तिला, सासऱ्यांना, आणि तिच्या हस्ताक्षरावरून खिळे जुळवणाऱ्या तिच्या नवऱ्याला, राजशेखरला.

"अण्णा," विरुपाक्षप्पांच्या धाकट्या भावानं, ईरप्पानं, धोतराचा सोगा सावरत सुरुवात केली, "चन्नवीर येतोय."

"कोण चन्नवीर?" विरुपाक्षप्पांनी हरभऱ्याचा डहाळा सोलता सोलता विचारलं.

"गौडरांचा भाचा. संस्थेचं सगळं तोच बघतो. येतो म्हणाला, आता अमावास्येला नको म्हणू का?"

"तुला सोसायटीचा अध्यक्ष त्यानंच केलाय. तू कशाला नको म्हणशील."

"टोमणे नंतर मारा. त्याचं म्हणणं सरळ आहे. कोर्ट नको, नोटीस नको. चार ओळी हव्यात. तुमच्या त्या चौकटीत."

विरुपाक्षप्पांच्या बोटांतला डहाळा थांबला. "चौकटीत?"

"चौकटीतच. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात माफी छापलीत तर लोक म्हणतील, अंगडींना दमदाटी झाली. तिथं छापलंत तर लोक म्हणतील, अंगडी चुकले."

"शहाणा आहे गौडर," विरुपाक्षप्पा हळूच म्हणाले. "एकतीस वर्षांत आमचं नेमकं काय चोरण्यासारखं आहे ते त्याला एकट्याला कळलं."

"अप्पा," राजशेखर मध्येच बोलला. तो बापापेक्षा काकाजवळ बसला होता, हे गिरिजेनं मघाशीच पाहिलं होतं. "चारच ओळी आहेत. देऊन टाकू."

"तूही?"

"मीही. आधी टाळ्या वाजवतात, नंतर कोण येतं मदतीला? संस्थेत किती लोकांचं पोट आहे, जरा विचार करा."

तो तिच्याकडे पाहत नव्हता. गिरिजेला कळलं, हा लोकांचं म्हणतोय ते माझंच आहे. आपला नवरा तिच्यासाठी बापाच्या विरुद्ध उभा राहतोय, याचं तिला बरंही वाटलं आणि अंगावर काटाही आला. कारण त्या चार ओळींखाली कुणीही सही केली, तरी खोटी ठरणार होती ती गुरुसिद्दव्वा.

नीलव्वानं आंबील ढवळता ढवळता तोंड उघडलं. "माझं ऐकणार आहे का कुणी? एकतीस वर्षं पोलीस, वकील आणि कागदाची रद्दी यांचा संसार केला मी. हे आत होते तेव्हा डबा घेऊन गेले, तर जेलर म्हणतो, बाई, सही करायला सांगा, सोडतो. मी म्हटलं, सही करतील हो, चौकटीत करतील, आधी तुमची चूक सांगा. तेव्हा अंगात रग होती. आता नाही. करा सही आणि सुखानं जेवा."

"सही कुणाची, नीला?"

"तुमची! माझी कोण घेणार?"

"लेख मी लिहिलेला नाही. ज्याची चूक, त्याची सही."

"मग लिहिला कुणी?" ईरप्पा पुढे सरकला.

विरुपाक्षप्पांनी हरभऱ्याचा दाणा तोंडात टाकला. "ते संपादकाच्या पोटात असतं. पोट फाडणार असशील तर सण झाल्यावर फाड."

तेवढ्यात बांधावर जीप थांबली.

चन्नवीर उतरला. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला ठसठशीत विभूती. मागच्या दारातून, पदर घट्ट आवळून, गुरुसिद्दव्वा उतरली. 'सांगशील ते सगळं छापीन' असं म्हणून आपण म्हातारीला बोलतं केलं होतं, हे गिरिजेला आठवलं. आणि म्हातारी जे बोलली त्यातलं एक वाक्य आपणच गाळलंय, हेही.

"शरणार्थी, अंगडी काका," चन्नवीरनं लिंगायत रीतीनं वाकून नमस्कार केला. "सणाला आलो. रिकाम्या हातानं नाही आलो, साक्षीदार घेऊन आलोय."

"शरणार्थी. आधी चरग टाकू, मग साक्ष," ईरप्पा म्हणाला. त्यानं शेताच्या नैवेद्याचा गोळा आंबिलात कालवला आणि ज्वारीच्या ओळींतून फेकत निघाला. "हुल्लुल्लिगो! चलांबरिगो!" सगळ्यांनी आरोळी दिली. चन्नवीरनंही दिली, सभेत देतात तशी, हात वर करून.

पंगत बसली. चन्नवीरला ईरप्पाच्या शेजारी पान मांडलं. गुरुसिद्दव्वा लांब, जीपच्या सावलीत टेकायला निघाली.

"तिथं कुठं?" नीलव्वा म्हणाली. "इथं ये, माझ्याजवळ. तिथं वाढायला माझे गुडघे येत नाहीत."

म्हातारी आली. भाकरी हातावर घेतली, पण तोडली नाही.

चन्नवीरनं दोन कडबू संपवले, बोटं पुसली आणि खिशातून कागद काढला. "वाचू का? 'गेल्या अंकातील लेखात आम्ही ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला. स्वयंपाकीण गुरुसिद्दव्वा हिनं असं काही सांगितलेलं नव्हतं. दुर्घटना वीज पडूनच झाली. ही आमची चूक.' साडेतीन ओळी होतील. खाली काकांची सही."

"मांडणी चांगली आहे," विरुपाक्षप्पा म्हणाले. "कुणी लिहिली? गौडरांना 'दुर्घटना' शुद्ध लिहिता येत नाही. मागच्या निवडणुकीच्या पत्रकांत बघितलंय मी."

"काका, चेष्टा पुरे. तुमच्याच नियमानं आलोय. चूक ज्यानं सांगितली त्याच्या तोंडून ऐका. सांग गं. वाटेत ठरलंय तसं सांग."

गुरुसिद्दव्वानं भाकरी पानावर ठेवली. विरुपाक्षप्पांकडे पाहिलं, मग क्षणभर गिरिजेकडे. गिरिजेनं मान खाली घातली.

"चूक झालीय म्हणून सांगायला मला आणलंय, अप्पा. झालीय चूक. मला अक्षर येत नाही, शेजारणीनं दोनदा वाचून दाखवलं. दोन चुका आहेत."

"ऐका," चन्नवीर म्हणाला.

"तुम्ही लिहिलंय, मी तीनदा सांगितलं. मी तीनदा नाही सांगितलं."

"ऐका, ऐका! ईरप्पा काका, ऐकताय ना?"

"चारदा सांगितलं."

गुरुसिद्दव्वा बोटांवर मोजू लागली.

"वॉर्डनबाईंना सांगितलं. मोठ्या मास्तरांना सांगितलं. टाकी बसवायला ओव्हरसियर आला, त्याला सांगितलं. आणि झेंड्याच्या दिवशी गौडर आले, पोरींनी ओवाळलं, तेव्हा त्यांना जेवणघरात नेलं आणि वर बोट करून तडा दाखवला. ते म्हणाले, 'बघू.' आणि वर बघितलंही त्यांनी. खोटं कशाला बोलू, बघितलं."

"ए म्हातारे!"

"थांबा, दुसरी राहिली. 'दोन मुली, दोन मुली' असं लिहिलंय. गौडरांचं नाव अकरा वेळा आहे म्हणे, शेजारणीनं मोजलं. माझ्या पोरींचं एकदाही नाही. त्यांना काय नावं नव्हती? रोज पहाटे मी नाव घेऊनच उठवत होते. एक तर दोन हाकांत उठायचीच नाही." आता तिचा आवाज चिरला, पण तो रडण्यानं नव्हे, रागानं. "गौडर म्हणतात वीज, तुम्ही म्हणता टाकी. तुमचं भांडण तुमच्यात. पोरी कुणाच्या भांडणात मेल्या ते तरी लिहा!"

विरुपाक्षप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. गिरिजेनं त्यांना पोलिसांशी बोलताना पाहिलं होतं, मंत्र्यांशी बोलताना पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. "एकतीस वर्षं," ते पुटपुटले, "एकतीस वर्षं नुसत्या खुर्च्याच बघत आलो रे. गौडरांची आडनावं, पदं, कोणत्या गटात किती, सगळं पाठ. आणि ज्यांच्यासाठी लिहायला बसलो..."

"ही भ्रमिष्ट झालीय," चन्नवीर उठला. "चल, जीपमध्ये बस. उद्यापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस तर बघ. आणि तुझा पोरगा शिपाई आहे ना आमच्या शाळेत?"

"खाली बस," ईरप्पा म्हणाला.

"काय?"

"तिचं जेवण झालेलं नाही. माझ्या शेतातून आज कुणी अर्ध्या पानावरून उठत नाही. तूही नाही. बस, आंबील घे."

"काका, तुम्ही सोसायटीचे अध्यक्ष आहात, विसरू नका."

"शुक्रवारपर्यंत आहे म्हणा. शेत मात्र बापाचं आहे, गौडरांनी दिलेलं नाही." मग त्यालाच आपल्या धाडसाची भीती वाटली असावी, तो वहिनीला म्हणाला, "वैनी, वाढा याला. आणि मला पण. अध्यक्षपद जाताना पोट तरी भरलेलं असू दे."

विरुपाक्षप्पांनी पुन्हा पानावर टेकलेल्या चन्नवीरच्या हातातला कागद ओढून घेतला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "राजू, पेन. दोन्ही चुका माझ्या. संपादक मी आहे."

"नाही, मामा," गिरिजा म्हणाली.

आपला आवाज इतका बारीक येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती खाकरली आणि पुन्हा म्हणाली, "नाही. मुलींची नावं राहिली ती तुमची चूक असेल. पण 'तीन' तुम्ही लिहिलं नाही. गुरुसिद्दव्वानं मला चार सांगितलं होतं. झेंड्याचा दिवस, वर केलेलं बोट, 'बघू', सगळं. मी तीन लिहिलं."

"गिरिजा!" राजशेखर ओरडला.

"अक्कोर? बाई, तुम्ही?" चन्नवीरच्या तोंडातला घास तसाच राहिला. "आमच्या कॉलेजात शिकवून आमच्याच..."

"तुमच्या कॉलेजात नव्हे. मुलींच्या. वीज पडून तुमची कौलं शाबूत राहतात आणि त्यांच्या डोक्यावरचं छत जातं, असं भूगोलाच्या पुस्तकात कुठं आहे ते मला दाखवा, मग मी सही करते."

"सोमवारी पत्र मिळेल तुम्हाला."

"मिळू दे. शुद्धलेखन तपासून परत पाठवीन."

नीलव्वानं पळी मडक्यात आपटली. "आणि मी समजत होते, ही दुपारी दार लावून पेपर तपासते! सासरा आणि सून मिळून माझ्या घरात खलबतं करतात, आणि मी मूर्ख दोघांना चहा नेऊन देतेय!"

"अत्ती, मी..."

"गप बस. सकाळपासून काही खाल्लं नाहीस, ते मला दिसत नव्हतं काय? हा कडबू घे. आणि नोकरी गेल्यावर घरात मुळूमुळू रडायचं नाही, सांगून ठेवते. त्या कामाला मी एकटी पुरे."

राजशेखर अजून उभाच होता. गिरिजेला वाटलं, हा आता पाठ फिरवून विहिरीकडे जाईल. त्यानं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं. ती लिहीत होती तोवर तो तिच्या खांद्यावरून वाचत राहिला, प्रूफ वाचतात तसा.

"'घाबरून' काढ," तो म्हणाला. "सबब लिहायची नसते."

ती थांबली. खरं होतं. नियम होता.

"ही सबब नाही, राजू," विरुपाक्षप्पा म्हणाले. "सबब माणसाला लपवते. हा शब्द तिला उघडं करतोय. तोच चूक आहे, बाकी नुसता आकडा. राहू दे."

राजशेखरनं थोडा विचार केला. "मग तो ठळक टाइपात घेऊ," तो म्हणाला.

चन्नवीर जेवण पुरं न करताच निघाला. ईरप्पानं अडवलं नाही, फक्त गुरुसिद्दव्वाकडे बोट करून म्हणाला, "तिला आम्ही बैलगाडीनं सोडू." म्हातारी तोवर विरुपाक्षप्पांना मुलींची नावं सांगत होती, बापाचं नाव, गाव, इयत्ता, एकेक अक्षर. ते तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, "'ली' ऱ्हस्व की दीर्घ?" आणि ती चिडून म्हणत होती, "मला काय माहीत? हाक मारताना लांब मारायची!"

सणानंतर आलेल्या गुरुवारच्या 'जागटे'त 'तप्पु-ओप्पु'च्या चौकटीत दोन चुका होत्या.

*गुरुसिद्दव्वानं धोका तीनदा नव्हे, चारदा सांगितला होता. चौथ्यांदा तिनं तो आमदार सोमनगौडा हिरेगौडर यांना पंधरा ऑगस्टला, तडा दाखवून सांगितला. ही ओळ मी* घाबरून *गाळली. गिरिजा राजशेखर अंगडी.*

*गेल्या अंकात आम्ही 'दोन मुली' असं लिहिलं. त्यांना नावं होती. ती मी विचारलीच नाहीत. हुलिगेव्वा फकीरप्पा तळवार, सहावी, कुरुबगट्टी. दुर्गव्वा यल्लप्पा मादर, सातवी, करिकट्टी. विरुपाक्षप्पा अंगडी.*

सोमवारचं पत्र शनिवारीच आलं. गिरिजेची नोकरी गेली, ईरप्पाची सोसायटी गेली, गुरुसिद्दव्वाला चुलीपासून हाकललं. चौकशी बसली, ती बसूनच राहिली. गौडर? पुन्हा निवडून आले, हार घालून मिरवले, आणि मिरवणूक त्या वसतिगृहाच्याच रस्त्यानं गेली. महादेवा, तुझ्या नावावर काय काय खपवतात आणि तू ऐकून घेतोस, याचा मला आजही राग येतो. पण गदगात त्यानंतर कुणी 'वीज पडली' म्हटलं नाही. गौडरांच्या घरातल्यांनीही नाही. म्हणायचे, 'ते जेवणघर.' वीज हा शब्द त्या तोंडांतून गेला तो गेलाच.

आता उठा, उशीर झाला. वाटेत अंगडी विसरलात तरी चालेल, मलाही विसरा. पण एक करा. उद्या पहाटे जाग येईल तेव्हा देवाच्या नावाआधी ही दोन नावं घ्या, आणि लांब हाक मारा, कारण त्यातली एक लवकर उठत नसे. हुलिगेव्वा. दुर्गव्वा.